मालकांच्या हयातीत

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा तपासनीस! रेल्वेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण हा माणूस अजून दुकानाच्या दारात असा उभा राहतो की आतल्या प्रत्येकाने तिकीट शोधायला लागावं. हातात तीच मरून रंगाची बॅग. बाबांनी सव्वीस वर्षांपूर्वी शिवलेली. तेव्हापासून तिची चाकं अकरा वेळा बदलली, चेन सात वेळा, मूठ किती वेळा ते मोजणं मी सोडून दिलं. बाबांच्या हातचं तिच्यात आता फक्त कापड आणि अस्तर उरलंय. आज मागचं डावं चाक. आणि बॅगेबरोबर ते गुलाबी कार्ड— प्लॅस्टिकच्या पाकिटात, अगदी पासपोर्ट काढावा तसं काढलं!

बाबांनी छापून घेतलेली ही कार्डं. एकच ओळ— ‘मालकांच्या हयातीत चेन, चाक व मूठ यांची दुरुस्ती मोफत.’ खाली दुकानाचा शिक्का.

सकाळपासून आधीच डोकं तापलेलं होतं, शिलाई मशीनची सुई दोनदा मोडली होती. तोंडातून निघून गेलं, साहेब, बॅग म्हातारी झाली, आता कार्डही म्हातारं झालं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यातलं एक हसलं. तपासनिसांनी कार्ड पाकिटात घातलं, पाकीट खिशात घातलं, बॅग तीन चाकांवर ओढत दारापर्यंत नेली. म्हणाले, “लेखी कळवतो.” मी म्हटलं, जरूर कळवा.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, एक चाक लावायला असा किती वेळ लागला असता? हिला सगळं नंतर सुचतं. मला नंतरही सुचत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काही आलं नाही. गेलं असेल डोक्यातून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नाही गेलं! नोटीस आली. रजिस्टर पोस्टाने, दोन पानी, ‘सदर चाक’ हा शब्द चौदा वेळा. तीस दिवसांत सदर चाक बसवून न दिल्यास ग्राहक न्यायालयात जाणार. शेवटी सही आणि त्याखाली— ‘आपला नियमित ग्राहक’. नियमित! हे मात्र खरं आहे.

चाकाचं मला काही नाही. पण बाबांनी अशी कार्डं दिसेल त्याला वाटली आहेत. सहाशे तरी असतील. सहा वर्षांपूर्वी गुडघे गेले म्हणून त्यांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली, आणि पहिलं काम मी केलं ते कार्डं बंद करण्याचं. तपासनीस जिंकले तर उरलेले पाचशे नव्याण्णव दारात उभे राहतील. नवं काम कधी करायचं? दुकान बसेल माझं.

१० फेब्रुवारी, सोमवार

वकीलबाईंकडे गेलो. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या. खुर्चीला त्यांची बॅग लटकलेली, चेनच्या जागी सेफ्टी पिन. असल्या माणसावर विश्वास टाकायचा!

त्यांनी कार्ड वाचलं. मग विचारलं, “मालक कोण?”

“मी.”

“कशावरून?”

आता याला काय उत्तर द्यायचं? रोज शटर मी उघडतो. मी सांगितलं, शटर मी उघडतो. त्या म्हणाल्या, ते तर झाडणारेही उघडतात. कागद आणा.

दुपारी घरातला पत्र्याचा डबा उपसला. परवाना— बाबांच्या नावावर. भाडेकरार— बाबांच्या नावावर. विजेचं बिल, पाण्याचं बिल, बँकेचं खातं— बाबा, बाबा, बाबा. मी कुठेच नाही! शेवटी एक कागद सापडला. दुकानाची पाटी पदपथावर पुढे आली म्हणून झालेल्या दंडाची पावती. तिच्यावर मात्र स्पष्ट लिहिलंय, ‘मालक’ आणि पुढे माझं नाव.

हिने पावती उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, “म्हणजे तीस वर्षांपूर्वी मी नोकरमाणसाशी लग्न केलं.”

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वकीलबाईंनी मार्ग काढला. आधी दुकान रीतसर माझ्या नावावर करायचं, परवाना आणि भाडेकरार दोन्ही. मग तपासनिसांना लिहायचं की हमी देणारे मालक बदलले, हमी संपली. बाबांनी फक्त सह्या करायच्या. तोवर दोन ओळींचं उत्तर पाठवून ठेवते म्हणाल्या.

निघताना म्हणाल्या, वडिलांचं वय काय? त्र्याऐंशी. सह्या होईपर्यंत त्यांना जपा, म्हणाल्या. पुढचंही सांगितलं. सह्यांआधी काही बरंवाईट झालं तर करार त्यांच्याबरोबर संपला असं जागामालक म्हणू शकेल, आणि मी वारसाचे दाखले गोळा करेपर्यंत जागा दुसऱ्याला देऊन मोकळा होईल. त्याला तर निमित्तच हवंय. म्हणजे एका चाकापायी निघालो होतो, आता अख्खं दुकानच लटकलंय!

त्यांच्या बॅगेची चेन बदलून देतो म्हटलं. फी मात्र त्यांनी पूर्ण घेतली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी बाबांच्या खोलीत डोकावलो. विचारलं, झोप लागली का? त्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, का रे? मी म्हटलं, सहज.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कागद बाबांपुढे ठेवले. नोटिशीबद्दलही सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. आणि म्हणाले, “बघू.”

बाबांचं ‘बघू’ मी लहानपणापासून ओळखतो. सायकलच्या वेळचं ‘बघू’ चार वर्षं चाललं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं त्यावर माझा मलाच विश्वास बसत नाही. वकीलबाईंनी दोन ओळींच्या उत्तरात लिहिलं होतं, ‘हमी देणारे मालक आता व्यवसायात नाहीत.’ तपासनिसांनी वाचलं फक्त ‘आता नाहीत’! संध्याकाळी घरी आले ते पांढरा सदरा घालून, पडलेल्या चेहऱ्याने, भेटायला. दार उघडलं बाबांनी.

तपासनीस दोन पावलं मागे गेले. मग स्वतःला सावरून अधिकृत आवाजात म्हणाले, “मालक, आपण हयात आहात?”

बाबा म्हणाले, “आत्तापर्यंत तरी.”

तपासनिसांनी वही काढली आणि तारीख-वेळ टिपून घेतली. बाबांना म्हणाले, खाली सही करा. आणि बाबांनी केली! माझे कागद कालपासून पडून आणि याच्या वहीत ताबडतोब सही. वर ही आतून चहा घेऊन आली— तिघांसाठी. चौथा मी होतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रोज येतो हा माणूस! सकाळी साडेसहाला बेल. ‘काय मालक, कसं काय?’ बाबांना फिरायला नेतो, बागेपर्यंत आणि परत. कालपासून मीही जातो. म्हणजे जावंच लागतं, बाबा याच्या हाताला धरून चालताना कुठे घसरले तर? तर डावा हात तपासनिसांनी धरलेला, उजवा मी. पायरी आली की दोघंही एकदम ओरडतो, ‘सांभाळून!’ येणारेजाणारे कौतुकाने बघतात. एक बाई म्हणाल्या, काय भाग्यवान आहेत आजोबा, दोन दोन मुलगे.

एकाला ते जगायला हवेत चाकासाठी, एकाला सहीसाठी. मला त्या बाईंकडे बघवलं नाही. खरंच लाज वाटली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बाबांना दोन शिंका. तपासनीस दुपारी संत्री घेऊन आले, मी त्याआधीच डॉक्टरांना घेऊन आलो होतो. डॉक्टर म्हणाले, या माणसाला काहीही झालेलं नाही, तुम्ही दोघं जरा पडा. वकीलबाईंचा फोन आला. ताप किती आहे हे त्यांनी सही झाली का हे विचारल्यानंतर विचारलं.

बाबा खूश आहेत. संत्री सोलून देताना मला म्हणाले, घे, दमलायस तू.

१ मार्च, शनिवार

नोटिशीची मुदत संपायला सात दिवस. संध्याकाळी फॉर्म घेऊन बाबांजवळ बसलो. आज सोडायचंच नाही असं ठरवून. ते पहिल्या बॅगेची गोष्ट सांगायला लागले. स्वयंपाकघराच्या फरशीवर कापड पसरून कापलं, कात्री खाली आईच्या साडीतून गेली ते दोघांनाही कळलं नाही. मग आईने त्याच साडीचं अस्तर लावायला लावलं. मला ठाऊकच नव्हतं हे. तीस वर्षं बाबांनी आणि मी एका बाकावर बसून टाके घातले, पण बोलायचो ते फक्त दोऱ्याबद्दल नाहीतर गिऱ्हाइकाबद्दल.

दुकान सोडल्यापासून दिवस फार मोठे वाटतात, असंही म्हणाले. सहज म्हणाले, कापडाची लांबी सांगावी तसं.

उठताना पाहिलं, फॉर्म मांडीवरच होता. मला बरं वाटत होतं. उद्या विचारू.

५ मार्च, बुधवार

सही झाली!! मी मागितलीही नव्हती. फिरून आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, आण ते कागद. सगळीकडे केल्या, एकही प्रश्न न विचारता. जागामालकानेही कुरकुरत केली, वकीलबाई समोर बसल्या होत्या म्हणून. परवान्याचा अर्ज जमा. चोपन्नाव्या वर्षी मी मालक झालो.

हिला सांगितलं तर म्हणाली, अभिनंदन, आता कचरा बाहेर ठेवा.

६ मार्च, गुरुवार

तपासनिसांना उत्तर गेलं. वकीलबाईंनी झकास लिहिलंय. मालक बदलले, सबब हमी संपुष्टात. ‘संपुष्टात’ हा शब्द मी तीन वेळा मोठ्याने वाचला. सहाशे कार्डं एका शब्दात गार!

७ मार्च, शुक्रवार

तरी तपासनीस साडेसहाला आले. बाबांना घेऊन गेले. मला कसंतरीच झालं. मीही मागून गेलो.

१० मार्च, सोमवार

आज बारा वाजता तपासनीस दुकानात. बॅग, कार्ड, सगळा सरंजाम. मी तयारच होतो. म्हटलं, उत्तर मिळालं ना? म्हणाले, मिळालं, फार समाधान वाटलं. मग कार्ड काउंटरवर ठेवून शब्दावर बोट ठेवलं. “मालकांच्या. नाव कुठे आहे? नाही. कालपर्यंत मालक ते होते. आता मालक तुम्ही. हमी चालू.”

मी कार्ड उचलून पुन्हा वाचलं.

“त्र्याऐंशीच्या जागी चोपन्न,” ते म्हणाले. “मी अडुसष्ट वर्षांचा. म्हणजे माझं काम झालं.”

वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी कार्डावरची ओळ पुन्हा वाचून दाखवायला लावली. मग म्हणाल्या, मुद्दा आहे. मुद्दा आहे! दुकान स्वतःच्या नावावर करून मी माझ्याच गळ्यात सहाशे कार्डं बांधून घेतली. मेलो असतो तर सुटलो असतो.

खाली बसलो आणि चाक लावलं. तपासनिसांनी बॅग पुढे-मागे फिरवून तपासली. जाता जाता विचारलं, “मालक, रक्तदाब वगैरे बघता ना वेळच्या वेळी?”

११ मार्च, मंगळवार

हिचं हसणं अजून थांबलेलं नाही.

१२ मार्च, बुधवार

आज बाबांपुढे कार्ड ठेवून सरळ विचारलं, तुम्ही हे लिहिलंत तेव्हा मनात कोण होतं? कुठला मालक?

“बॅगेचा,” बाबा म्हणाले. “ज्याची बॅग, तो जिवंत आहे तोवर. आपल्या जगण्या-मरण्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय?”

मी म्हटलं, मग महिनाभर बोलला का नाहीत? एका वाक्यात सगळं मिटलं असतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “सहा वर्षांत पहिल्यांदा तू सकाळी येऊन विचारलंस, झोप लागली का. दुसऱ्या दिवशीही विचारलंस,” ते म्हणाले. “म्हटलं, चालू दे केस.”