यंदाचा मुराळी

पांडेसरा, सुरत
१८ एप्रिल २०२५

चि. गजेंद्र यास जयश्रीताईचे आशीर्वाद.

आम्ही ठीक. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते आहे. माझे दीर लोटूभाऊ ही चिठ्ठी हातात देतील.

आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला तू मुराळी पाठवणार, असा आईचा निरोप आला. पाठवू नकोस. यांना सोडून येता येणार नाही. आणि इच्छापोरच्या तुझ्या त्या डुक्करवाड्याशेजारी बसून मांडे घशाखाली उतरणार नाहीत.

मागे आले तेव्हा हॉटेलांचं उष्टं उकळत होतं. वर आंबट फेस. त्यात तू पिवळी पावडर ओतलीस. मी विचारलं, “आजारी आहेत का?” तू म्हणालास, “पडू नयेत म्हणून, ताई. वजनही चांगलं धरतात.” आई त्याच बादल्या हातांनी निपटत होती. मला म्हणाली, “हाऊ वास हातमाईन जात नई, पोरी.”

यांना तिथेच, तुझ्याकडे कामावर असताना, पायाला पत्रा लागला. “दाजी, दवाखाना कशाला? डुकराला लागू पडतं ते माणसाला पडेलच,” म्हणून तीच पावडर तू जखमेत भरलीस. वर फडकं. चार दिवसांत आत हिरवा पू. वास तोच, गजेंद्र, तुझ्या वाड्याचा. आता माझ्या घरातही तोच.

डॉक्टरांनी इंजेक्शनं बदलून पाहिली, एकही लागू पडेना. म्हणाले, जनावरांना रोज औषध चारलं की साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. तेच जखमेत शिरलेत. “याआधी कोणती औषधं घेतली होती?” हे म्हणाले, “मी कुठे, साहेब? डुकरं घेतात.” डॉक्टर हसले नाहीत.

मंगळवारी डावा पाय गुडघ्याखालून काढला. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

पावडर बंद कर, असं आधीही सांगितलं. तू करणार नाहीस, पुढची गाडी भरायची आहे. पण आईच्या टाचांना भेगा आहेत आणि ती वाड्यात अनवाणी वावरते.

म्हणून यंदा मुराळी माझ्याकडून. लोटूभाऊ रिक्षा घेऊन आले आहेत, आईला त्यांच्याबरोबर पाठव. कपडे देऊ नकोस, इथे नवी लुगडी घेतली आहेत. तिचे हातपाय साबणाने धू आणि मगच रिक्षात बसव. तेवढं तरी स्वतःच्या हाताने कर.

तुझी बहीण, ते काही कापून काढता येत नाही,
जयश्री