एकाहत्तर टक्के

६ जानेवारी २०२५
आले एकदाची मानोऱ्याला. धनजहून निघताना आईने इतकी बोचकी बांधून दिली की कंडक्टरने विचारलं, सासरी चालल्या का. म्हटलं, नोकरीला चालले. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी भेंडी तोडत बसलेल्या मुलीला हे वाक्य म्हणायला केवढं बरं वाटतं!

खोली स्टँडच्या मागे, गोमतीबाईंकडे. नळ रोज येत नाही, पण गोमतीबाईंच्या हातचं वांग्याचं भरीत रोज मिळणार आहे. नोकरी अकरा किलोमीटरवरच्या तांड्यावर. दिवाळीनंतर धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. मधल्या काळात तांड्यावर राहतात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि आता मी. एका संस्थेने तिथे निरोप केंद्र उघडलंय. एक कॉम्प्युटर, एक इअरफोन, एक खुर्ची, एक बाक. तांड्यात रेंज नाही, फक्त बाजूच्या माळावरच्या एका खोलीत येते, म्हणून केंद्र तिथे. पाचची एसटी मात्र चुकवायची नाही. त्यानंतर काही नाही.

९ जानेवारी
काम असं. टोळीतल्या हरिसिंगकडे चांगला मोबाइल आहे. तो फडावर एकेकाचा निरोप व्हिडिओत काढतो, गावात गेला की पाठवतो. मी इथे डाउनलोड करायचा आणि घरच्यांना दाखवायचा. ऐकायला सोपं आहे. एका फाईलला इथलं नेट तीन-तीन तास घेतं, आणि म्हातारी माणसं बाकावर बसून त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहतात.

आज एक युक्ती सापडली. फाईल अर्धी उतरली असली तरी प्लेअरमध्ये उघडते! जेवढी आली तेवढी चालते, मग चित्र गोठतं. लखीराम नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, मला म्हणाले की मॅडम हुशार हाय. मी दिवसभर फुगलेली.

रामीबाई मात्र वेगळी. साठीची असेल. तिला ऐकूच येत नाही, इअरफोन लावूनही नाही. तिच्या मुलाचं, धनराजचं बोलणं मी ऐकायचं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायचं. ती माझ्याकडे बघत नाही, पडद्यावरच्या त्याच्याकडे बघते. मी जणू त्याचं तोंड.

१६ जानेवारी
एक गोष्ट लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे.

अर्ध्यावर चित्र गोठलं की सगळे विचारतात, पुढं काय म्हनला? आणि सगळ्यांचं पुढचं सारखंच असतं. मी बरा आहे, काळजी करू नका, बकरीला सांभाळा. तर मीच सांगून टाकते. म्हणते, सकाळी मी पूर्ण पाहिलाय, असं असं म्हणाला. माणसं खूश होऊन घरी जातात आणि मला एसटी मिळते. प्रेमसिंगच्या बायकोला तर मी नवऱ्याच्या नावाने चांगली साडी कबूल करून टाकली आहे. आता त्याने आणली म्हणजे मिळवली.

२१ जानेवारी
आज चार फायली होत्या. धनराजची शेवटची. पावणेपाचला ती एकाहत्तर टक्क्यांवर होती. रामीबाई दुपारपासून बसलेली, म्हणून उघडली. धनराज उसाच्या पाचटावर बसलाय, चेहरा ओढलेला. "ताई, हे माह्या याडीले पूर्ण सांगजा," एवढं मलाच म्हणाला. याडी म्हणजे आई. मग तो खाली वाकला आणि तिथे चित्र गोठलं.

रामीबाईने विचारलं, वाकला कायले?

एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी तिच्या कानात ओरडले, तुमच्या पाया पडतोय. होळीला नक्की येतो म्हणतोय. शेंगदाण्याचे लाडू करून ठेवा म्हणतोय.

तिने पडद्यावर, त्याच्या वाकलेल्या डोक्यावर हात ठेवला. मी डाउनलोड थांबवली, कॉम्प्युटर बंद केला आणि धावत एसटी गाठली. खिडकीची जागा मिळाली.

२ फेब्रुवारी
हरिसिंगचा फोन आला. धनराज गेला, चार दिवसांपूर्वी. पायाला कोयता लागला होता, जखम चिघळली, ताप डोक्यात गेला. तिथेच अग्नी दिला. मग हरिसिंगने विचारलं, "मॅडम, निरोप पोचला न्हाई का? तो रोज वाट पाहत होता."

मी म्हटलं, नेट बंद होतं.

लखीराम नाईकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, रामीबाईले एवढ्यात सांगायचं न्हाई. टोळी होळीला येते, तेव्हा चार माणसं मिळून सांगू. मला सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याची इतकी लाज वाटली की गोमतीबाईंनी वाढलेलं ताट तसंच परत केलं.

३ फेब्रुवारी
सकाळी ती फाईल पुन्हा सुरू केली. एवढं तरी मी त्याचं देणं लागते, असं वाटलं. दुपारपर्यंत एकोणऐंशी टक्के उतरली.

तो पाया पडत नव्हता. वाकून पँटचा पाय वर करत होता. पोटरीपासून खाली सगळं काळंनिळं, पाऊल फुगून फुटायला आलेलं. तो कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघून म्हणतो, "ताई, लखीराम नाईकाले सांगून गाडी पाठवा. मले इथून घेऊन जा. याडीले भिववू नका, पन आजच सांगा."

आजच म्हणाला होता. त्या दिवशी मी घरी येऊन भरीत खाल्लं होतं.

आठ दिवस. वाशिमचा दवाखाना, गाडी, चार माणसं, सगळं करायला आठ दिवस होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला हवं. उद्या सांगेन.

१० फेब्रुवारी
नाही सांगितलं. रामीबाई रोज येते. हातानेच खुणावते, लाव. मी एकाहत्तरच्या अलीकडे थांबवते, ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि जाते.

आज थांबवायला विसरले. फाईल ब्याऐंशीवर होती. पण पायाचा भाग आलाच नाही. तो वाकला, उठला आणि हसला. म्हणाला, होळीला नक्की येतो, शेंगदाण्याचे लाडू करून ठेव.

माझेच शब्द, त्याच क्रमाने.

रामीबाईने मला सांगितलं की धनराजले शेंगदाने आवडत न्हाईत, लहानपणापासून थुंकून टाकतो. पण मागितले म्हणून दाणे आणलेत.

१४ फेब्रुवारी
हरिसिंगला फोन केला. त्याने शपथेवर सांगितलं, व्हिडिओ तीन मिनिटांचाच होता, पायापाशी संपला होता. आता प्लेअरमध्ये बावीस मिनिटं दिसतात. फाईल अजून पूर्ण नाही.

१९ फेब्रुवारी
काल फाईल काढून टाकली. आज सकाळी पुन्हा तिथेच, शहाऐंशी टक्के. नेटची वायर उपटून कपाटात ठेवली. दुपारी सत्याऐंशी.

तो चालतोय. रस्त्याच्या कडेने, भर उन्हात. मागे उसाचे फड, मग कपाशी, मग आपल्याकडची काळी रानं. डावा पाय ओढतोय. रामीबाईला ते दिसत नाही. ती म्हणते, पाहा कसा झपाझपा येऊन राह्यला.

तिला आता उभारी आली आहे. रोज नवं लुगडं नेसून येते. मी खरं सांगितलं तर हे सगळं जाईल. म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला समजावते. खरं कारण ते नाही. ती माझ्याकडे कसं बघेल, त्याची मला भीती वाटते.

२७ फेब्रुवारी
एक्क्याण्णव. तो कारंज्याच्या अलीकडे. मैलाचा दगड वाचता आला.

बऱ्याच दिवसांनी आज इअरफोन लावला. तो चालता चालता काहीतरी बोलत होता. आवाज त्याचा नाही.

माझा आहे. त्याच्या तोंडातून माझा आवाज. बरा आहे, काळजी करू नका, बकरीला सांभाळा. बरा आहे, काळजी करू नका — तेच तेच, मी सगळ्यांना सांगते तसं, घाईघाईने.

५ मार्च
संस्थेला लिहिलं, नोकरी सोडते. त्यांचं उत्तर आलं, होळीपर्यंत थांबा. धनजला निघून जायला बॅग भरली. स्टँडवर रामीबाई भेटली, गूळ घ्यायला आली होती. माझा हात धरला. बॅग घेऊन तशीच केंद्रात गेले.

चौऱ्याण्णव. मानोऱ्याचं स्टँड. त्या बाकावर तो बसला होता, जिथे मी बसले होते.

९ मार्च
शहाण्णव. आता समजलं. येतोय तो धनराज नाही. धनराज तिथेच, पँटचा पाय वर करून, माझी वाट बघत संपला. हा मी बनवलेला आहे. मला शेंगदाणे आवडतात म्हणून याला आवडतात —

लखीराम नाईकांकडे गेले होते सांगायला. दारातून परत फिरले.

१२ मार्च
टोळी आली. ट्रॅक्टर, भांडी, मुलं, गलका. चार माणसं उद्या दुपारी रामीबाईला सांगणार. तिने आज कुणाला विचारलंच नाही, माझा कुठे आहे. तिला माहीत आहे ना, तो चालत येतोय.

सत्त्याण्णव. तांड्याची वाट.

१३ मार्च, दुपार
रामीबाई सकाळपासून केंद्रात. मांडीवर लाडवांचा डबा. कॉम्प्युटर मी लावला नव्हता. तो सुरू आहे.

अठ्ठ्याण्णव. माळ चढतोय —

चार माणसं यायच्या आत मी सांगायचं ठरवलं. मीच सांगायला हवं. वाटलं, खरं बोलले तर हा थांबेल. तिच्या कानाशी गेले आणि सगळं ओरडले. पाया पडत नव्हता. पाय दाखवत होता. गाडी पाठवा म्हणाला होता. तो गेला. पुढचं सगळं माझं, माझ्या तोंडचं.

ती पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "त्या दिशी काहून न्हाई सांगतलं पोरी?"

मी म्हटलं, एसटी चुकली असती.



तिने डब्याचं झाकण लावलं. रडली नाही. ती रडली असती तर —

नव्व्याण्णव. पडद्यावर हे दार आहे, बाहेरून. खाली फटीत सावली. मी हे लिहितेय कारण हात दुसरं काही करत नाहीत. कुणीतरी वाचावं. लखीराम नाईक, तुम्ही वाचा. चूक माझी होती. नेट चालू होतं —

बाहेरून माझा आवाज येतोय. बरा आहे. काळजी करू नका.

मी रामीबाईचा हात धरला. तिच्या कानात ओरडले, दार उघडू नका, तो तुमचा नाही.

तिने हात सोडवून घेतला.

"येऊ दे त्याले," म्हणाली. "माह्या लेकाले तर तू येऊ देल्लं न्हाई."

ती उठली. कडीला हात —

पट्टी पूर्ण हिर