अर्धी राहिलेली बाटली

बाबा, आई काल घरी आली. दवाखान्यातून आल्या आल्या चहाचा घोट घेऊन "चहा आहे की कोमट पाणी?" असं मला म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. या एका आठवड्यात तुमची जेवढी आठवण झाली, तेवढी सोळा वर्षांत झाली नसेल.

कसब्यातल्या त्या औषधांच्या दुकानात तुम्ही काउंटरमागे उभे आहात. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतं आणि तुम्ही म्हणता, "आधी पिशवी उलटी करा. घरात आणखी काय काय घेता ते बघू दे." लोक वैतागायचे. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, गोळ्या द्या, चौकशी कसली करताय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "बिनचौकशीच्या पलीकडच्या दुकानात मिळतात." शाळा सुटल्यावर तिथे स्टुलावर बसलेली मी, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि ते खोकल्याचं औषध! बरी झाल्यावरही उरलेलं मी पिऊन टाकलं, वाया जायला नको म्हणून. वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही ओरडलात, "औषध आहे ते, पानातली भाजी नाही, संपवून उठायला!" आठ दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही.

आता ऐका. आईच्या पायांवर सूज येते म्हणून लघवीची गोळी चालू होती. त्या गोळीने अंगातलं पोटॅशियम निघून जातं, म्हणून सोबत पोटॅशियमचं पातळ औषध. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी गोळी पोटॅशियम अंगातच धरून ठेवते, म्हणून चिठ्ठीतून ते औषध काढलं. पण घरात दीड बाटली शिल्लक होती ना! उरलेलं टाकणं आईला कधी जमलंय का? म्हणाली, "ताकदीचंच तर आहे, संपवून टाकू." रोज सकाळी ग्लासभर पाण्यात दोन चमचे, वर नारळपाणी.

मागच्या सोमवारी तिला जिना चढवेना, पायच गळाले. मी म्हटलं, वय झालं. खराडीला ऑफिसला निघालेही होते. चपला घालताना तुमचं ते वाक्य आठवलं आणि मी माघारी फिरले. कपाटातलं सगळं पिशवीत भरलं, आईला रिक्षात बसवलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर पिशवी उलटी केली. बाटली बघून त्यांचा चेहराच उतरला. लगेच रक्त तपासलं, लगेच ईसीजी. पोटॅशियम भलतंच वाढलं होतं, ठोके मंदावले होते. "आणखी दोन दिवस घेतलं असतं तर हृदय बंदही पडलं असतं," ते म्हणाले. चार दिवस दवाखान्यात काढले. आता ठीक आहे, बाबा. खरंच ठीक आहे. आज तिने माझ्या पोळ्यांनाही नावं ठेवली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी विचारलं होतं, "हे कोण देत होतं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "माझी मीच घेत होते. हिला काही ठाऊक नाही." आणि मी गप्प बसले. आईचा हात कापतो, बाबा, तिला भरलेला चमचा धरवत नाही. तीन आठवडे रोज सकाळी ते औषध मीच ओतून देत होते.