हद्दीतला पडदा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ

वेरोनिकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी झालं. डॉक्टरांची ताकीद: महिनाभर खाली वाकायचं नाही, शिवणमशीनला हात लावायचा नाही, थेंब दिवसातून चार वेळा.

२२ तारखेला आमच्याकडे सायबीण. मारियेची मूर्ती वाड्यात घरोघर फिरते, प्रत्येकाकडे एक रात्र राहते. तीस वर्षं आम्ही तिला हॉलच्या खिडकीपुढे टेबल मांडून बसवतो. मागे नवा पडदा, टेबलावर नवा टेबलक्लॉथ, बाकावरच्या उशांना नवे अभ्रे, सगळं लग्नापासून वेरोनिकाच्या हातचं. ती म्हणाली, यंदा गुरुदास टेलरकडे टाकूया. मी म्हटलं, टेलर कशाला? मी काय मेलोय? शेजारची जॉयस तिथेच बसली होती. माझा आवाज जरा मोठा झाला.

३ नोव्हेंबर. संध्याकाळ

जॉयसने वाड्याच्या ग्रुपवर टाकलं: यंदा रॉकचा पडदा. सत्तावीस अंगठे. एक फादरांचा. आता माघार नाही. तशी घ्यायचीही नव्हती.

४ नोव्हेंबर

टाइमटेबल केलं. आठवड्यात अभ्रे, मग पडदा, मग टेबलक्लॉथ. चार दिवस राखीव. यूट्यूबवर एका बाईचा व्हिडिओ अर्धा पाहिला. फार बोलते.

कपाटातून टेप काढून खिडकी मोजली. रुंदी चार फूट एक इंच, उंची पाच फूट तीन. तीनदा मोजली, तिन्ही वेळा तेच. चौतीस वर्षं भूकरमापक होतो. अख्ख्या तालुक्याच्या हद्दी ठरवल्या, एका खिडकीचं काय घेऊन बसलात?

५ नोव्हेंबर

बाजारात निळं कापड घेतलं. नेमका तिथे गुरुदास भेटला. म्हणाला, "साहेब, शिवणीक माया सोडूक होयी." म्हणजे चारी बाजूंनी जास्तीचं कापड. वर, "चुणये पडाक रुंदी दुप्पट होयी." मी त्याला समजावलं की हद्दीबाहेर एक इंच गेलं तरी ते अतिक्रमण. तो हसला. टेलर लोकांना कापड फुकट घालवायची सवयच असते.

८ नोव्हेंबर

दोन अभ्रे शिवून झाले. उशीच्या मापाने, तंतोतंत. उशी आत जात नाही. समुद्राच्या हवेने उशा फुगल्या असाव्यात. गुडघा टेकवून कोंबली. टीप उसवली. मग उशीतला निम्मा कापूस काढला. उशी आता पावाएवढी दिसते, पण अभ्र्यात बसली. दुसरीचंही तेच केलं.

वेरोनिकाने काळ्या चष्म्यातून पाहिलं आणि उशी हळूच परत बाकावर ठेवली. तिला अजून नीट दिसत नसावं.

१० नोव्हेंबर. दुपारी साडेबारा

साडेअकरापासून मशीनवर बसून आहे. उठता येत नाही. पडद्याची कड शिवताना लुंगीही शिवली गेली. जवळजवळ हातभर. कात्री कपाटात. लुंगी सोडून उठावं तर पुढचा दरवाजा सताड उघडा, आणि समोर जॉयसच्या ओटीवर माणसं. वेरोनिका आत थेंब घालून डोळे मिटून पडली आहे, तिला उठवणं योग्य नव्हे. ही वही जवळ होती म्हणून लिहितोय.

दुपारी एक

जॉयस आली. कात्री आणली. म्हणाली, "रॉक, तू पडद्यात अडाकलंस काय पडदो तुझ्यात?" लुंगी गेली. पडद्याला लुंगीची चौकटीची पट्टी राहिली आहे. डिझाइन म्हणून खपेल.

११ नोव्हेंबर

वेरोनिका म्हणाली, "जमना नाय तर सोड रे." मी म्हटलं, जमतंय. ती "बरां" म्हणाली आणि चष्मा लावून जॉयसबरोबर बाजारात गेली, मासळी आणायला. दीड तासाने आली. मासळी नाही. विसरली म्हणाली. ऑपरेशनचा असाही परिणाम होतो, डॉक्टरांना विचारायला हवं.

१५ नोव्हेंबर

टेबलक्लॉथ पूर्ण. टेबलाच्या वरच्या फळीएवढा, एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. वेरोनिकाचे टेबलक्लॉथ दरवर्षी जमिनीपर्यंत लोंबायचे. कोण बघतं टेबलाचे पाय?

पडदाही पूर्ण. खळ जावी म्हणून धुतला.

१६ नोव्हेंबर

पडदा आटला. शिवणीतही थोडा गेला. आता रुंदी तीन फूट सात. दोन्ही बाजूंनी खिडकी उघडी राहते. खालूनही. खिडकीच चुकीची बसवली आहे. एकोणीसशे ब्याण्णवचा सुतार, तेव्हाच मला संशय आला होता.

१८ नोव्हेंबर

म्हापशाला ग्लेनिशाला फोन केला. म्हटलं, तुला घरी मदत लागत असेल तर मी आठवडाभर येतो. ती म्हणाली, "पप्पा, पडदो झालो काय?" लेकीपर्यंत पोचलंय. बाजारात जावं तर मासळीवाली विचारते. चर्चमध्ये जावं तर फादर विचारतात. घरात बसावं तर पडदा समोर. ऑफिसात असताना निदान रजा टाकता यायची. खरं सांगायचं तर दोन रात्री झोप नीट लागलेली नाही. उकाडा आहे.

२० नोव्हेंबर

वेरोनिकाला सुचवलं की तिच्या डोळ्यासाठी यंदा सायबीण पुढच्या घरी पाठवूया. ती म्हणाली, तीस वर्षांत आपलं दार चुकलेलं नाही, माझ्या डोळ्यापायी चुकायचं नाही. मग हळूच म्हणाली, "तुझो पडदो आसा ना."

२२ नोव्हेंबर, शनिवार. रात्री नऊ

घडलं तसं लिहितो.

रॉडवर पडदा पुरेना, म्हणून थेट भिंतीत खिळे ठोकले. पावणेसातला खिळे प्लॅस्टरसकट खाली आले. बाहेर घंटा आणि गाणं, मेणबत्त्या फाटकाशी. वेळच नव्हता. टेबल आणि खिडकीच्या मध्ये शिरलो आणि दोन्ही हात वर करून पडदा धरला. वाटलं, मूर्ती बसली की निसटेन. पण मूर्ती बसली आणि लगेच तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाला. माळेचे पाचही टप्पे, मग मारियेच्या नावांची लदाईन, मग गाणी. मी पडद्यामागे उभा. माझा घाम चर्चसाठी कधी एवढा गळला नव्हता.

जॉयसने विचारलं, रॉक खंय? वेरोनिका म्हणाली, माडांच्या वाडीत गेलाय. मग जॉयस टेबलाजवळ येऊन कुजबुजली, "गुरुदासान शिवलेलो पडदो खंय गो?" वेरोनिका म्हणाली, "कपाटात. भायर काढलो असतो तर तेका वायट वाटला असता."

हात सोडून द्यावेसे वाटले. सोडले नाहीत. ती बाहेर उभी होती.

एक समाधान होतं, मी आत आहे हे कोणाला कळलं नव्हतं. चणे वाटायला लागले तसा आवाज वाढला, म्हटलं आता सुटलो. तेवढ्यात टेबलाखालून एक बशी आत सरकली आणि माझ्या पायांशी येऊन थांबली. जॉयसचाच आवाज: "चणे खा, रॉक. हात दुखले असतीत."

खाली पाहिलं. टेबलक्लॉथ फळीपुरता, पडदा आखूड. माझे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सबंध वाड्यासमोर. मूर्ती बसल्यापासून.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळ

वेरोनिका चर्चमध्ये रविवारच्या मासला गेली आहे. कपाट उघडलं. वरच्या खणात पडदा, घडी करून. तेच निळं कापड. गुरुदासच्या चिठ्ठीवर ऑर्डरची तारीख ११.

खिडकीला लावला. मोजला. रुंदी आठ फूट चार. माझ्या मापात कुठेच बसत नाही. खिडकीला बरोबर बसला.

मला लाज वाटली. पडद्याची नव्हे. त्याच कपाटातल्या खालच्या खणातून मी रोज टेप काढत होतो, आणि ती काळ्या चष्म्याआडून मला बघत होती.

दहाला ती येईल. तिच्या थेंबांची वेळ.