चाळीस वेण्यांचं चित्र

मर्गिलान, १२ ऑक्टोबर

आयदीन आपांना धाकट्या भावाचा, तुर्सुनकूलचा सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? तेरमिझला अजून ऊन तापतंय का? इथे डाळिंबं उतरवली. यंदा बरीच फुटली, बहुतेक पाणी मीच जास्त दिलं. छपराचा पत्राही वाजतो, तो घोर आहेच.

तुम्ही फोनवर तुमच्या भावजयीची, होसियतची चौकशी करता आणि मी दर वेळी "चुलीपाशी आहे" म्हणतो. त्याचं पुढे लिहितो.

आधी चित्राचं. माझी नात झुलहुमोर फोटोच्या दुकानात लागली आहे. माणसाचा फोटो संगणकावर घेऊन ती त्याला जुन्या दरबारी चित्रासारखं करते. अंगात जरीचा झगा, मागे सरूची झाडं. होसियतच्या सत्तरीला तिने आजीचा रुमाल बांधलेला फोटो घेऊन असंच चित्र केलं आणि पुलाव वाढायच्या आधी सगळ्यांसमोर वरचं कापड ओढलं.

आपा, चित्रात होसियतच्या पाठीवर बारीक बारीक वेण्या. चाळीस! लग्न न झालेल्या पोरीच्या! शेजारीण हातात ताट धरून तशीच उभी.

"अगं, लग्न झालेल्या बाईला दोन वेण्या असतात, एवढंही ठाऊक नाही?" मी ओरडलो.

पोर रडवेली झाली. "बोबो, आजीला पुष्कळ केस हवेत म्हणून घातल्या."

सगळ्यांची नजर होसियतच्या रुमालाकडे गेली.

आता लिहितोच. होसियतच्या छातीत गाठ निघाली होती. औषधांनी डोक्यावर एक केस राहिला नाही. तुम्हाला कळवायचं नाही, अशी तिने मला नानच्या रोटीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. वसंतापासून ती आतल्या खोलीत, आरशावर चादर टाकून. त्या दिवशी कशीबशी चारचौघांत येऊन बसली, तर समोर ह्या वेण्या.

तिने चित्र बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, "म्हणजे माझं लग्न व्हायचंच आहे की! ऊठ म्हाताऱ्या, मागणी घालायला माणसं पाठव. आणि या खेपेला मेंढा धड आण, मागचा लंगडत होता."

"लंगडत नव्हता, दमला होता," मी म्हणालो.

शेजारीण ताटासकट हसायला लागली. मग सगळेच. हसता हसता होसियतने रुमाल सोडला आणि सगळ्यांदेखत डोकं खाजवलं. पेराएवढे केस आलेत, आपा. पांढरे, पिलाच्या पिसांसारखे.

काल डॉक्टरीणबाईंनी तपासण्या बघून सांगितलं, गाठ राहिलेली नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाल्या, "आजोबा, घरी जा आणि चहा प्या."

घरी आल्यावर होसियतनेच मला शपथेतून मोकळं केलं. "आपांना लिही. लग्नात माझ्या चाळीस वेण्या सोडून दोन घालणाऱ्या त्याच होत्या. पुन्हा यावं लागेल म्हणावं."

दोन वेण्या घालण्याइतके केस यायला वेळ आहे. तरी थंडीच्या आधी या. येताना कंगवा आणा. आमचा कंगवा तिच्या नजरेला पडू नये म्हणून मी दडवला, तो कुठे ते आता आठवत नाही.

काल रात्री गाढ झोपलेला,
तुमचा तुर्सुनकूल