काठोकाठ चहा आणि लवकर निजणे

प्रिय अपा,

लेकाचा हात छातीवर आणि मान तुझ्यापुढे खाली. घोडी कशी आहे? मेंढ्या कळपात नीट आहेत ना? आणि तुझे गुडघे? (आधी जनावरं, मग माणसं, हा क्रम बापजाद्यांनी घालून दिलाय, त्याचा राग माझ्यावर काढू नकोस. गुडघ्यांचं मी मनापासून विचारतोय.) इथे बिश्केकला आम्ही सगळे मजेत आहोत. फोनवर तू "हं" आणि "बरं" यांच्यापलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र.

तिलेकला शाळेसाठी तुझ्याकडून घेऊन निघालो, तेव्हा फाटकात उभी राहून तू म्हणालीस, "आधी त्याला झोपवून दाखव, मग स्वतःला बाप म्हणव." मी हसलो होतो. माझा धंदाच तमादाचा. लग्नाच्या मांडवात तीनशे पाहुण्यांनी कधी उठायचं, कधी प्यायचं आणि कधी डोळे पुसायचे, हे मी ठरवतो. माझ्यापुढे सहा वर्षांच्या पोराची काय कथा, असं मला वाटलं. माझी बायको बर्मेत हीसुद्धा दवाखान्यातून नवी पद्धत ऐकून आली होती. रोज ठरल्या वेळी दिवा मंद करायचा, कोमट दूध द्यायचं, हळू आवाजात एकच गोष्ट सांगायची, की मुलं आपोआप झोपतात. मी म्हटलं, हे माझ्यावर सोड.

अडचण आली ती आवाजाची. जेवण अंगावर आलेल्या मामालोकांना डुलकी लागू द्यायची नाही, याचेच मला पैसे मिळतात. माझा हळू आवाज म्हणजे काय, ते गोष्टीत लांडगा आला तेव्हा कळलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाइपवर ठोकलं. त्यात गोष्ट संपली आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "आता मुलाकडच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलेल का?" तिलेक लगेच दुधाचा पेला घेऊन उभा राहिला. तुझ्या हाताखाली वाढलेलं पोर, बोलायला सांगितल्यावर मागे कसं राहणार? घोडीच्या तब्येतीपासून सुरुवात करून त्याने तुझ्या एकेका मेंढीला दीर्घायुष्य चिंतलं. मग मीरीमने गाणं म्हटलं. (ही तीन वर्षांची कारटी भाऊ येईपर्यंत दगडासारखी झोपत होती.) मग नाच झाला. नाचात मीही होतो, हे बर्मेत तुला सांगेलच.

दुसरं म्हणजे, तुझ्याकडे वाढल्यामुळे तो तुला आई समजतो आणि मला 'बाइके' म्हणतो. थोरल्या भावाचं कोण ऐकतं? मी डोळे वटारले की तो माझ्या अंगावर रजई घालतो आणि म्हणतो, "बाइके, तूच झोप. दमलायस तू." आणि अपा, बऱ्याचदा मी झोपतोही. आमच्या घरात ठरल्या वेळी शांतपणे झोपणारा माणूस तयार झालाय, फक्त तो चुकीचा आहे.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत. परवा दिवा मंद केला आणि वरच्या मजल्यावरचे शारशेन आबा दारात हजर. ऐंशीच्या घरातल्या माणसाला भाकरीचा तुकडा न मोडता परत कसं पाठवायचं? बसवलं. पण मुलांच्या झोपेची वेळ टळत होती, म्हणून मी (तू हे वाचून काठी शोधशील) त्यांची चहाची वाटी काठोकाठ भरली. वाटलं, म्हाताऱ्याची नजर अधू आहे, कळणार नाही, एका वाटीतच उठतील. तेवढ्यात अंथरुणातून खणखणीत आवाज आला, "बाइके, अपा म्हणते, मानाच्या पाहुण्याला अर्धी वाटी. काठोकाठ म्हणजे चालते व्हा."

आबांनी वाटी खाली ठेवली. मग त्यांनी मला रीतभात शिकवायला घेतली, ती माझ्या आजोबांपासून. माझे कान भट्टीतल्या बटाट्यासारखे तापले. जाताना त्यांनी हात पसरून आशीर्वाद दिला. तिलेकने अंथरुणात बसून इवले तळवे उघडले, "ओमीन" म्हणून तोंडावरून हात फिरवला, आडवा झाला आणि झोपला. मीरीमही झोपली. मी बघतच राहिलो. सकाळी विचारलं, तर म्हणाला, "घरातल्या मोठ्या माणसाने आशीर्वाद दिल्याशिवाय दिवस संपत नाही. अपा रोज देते." मी म्हटलं, मी देतो की. तो म्हणाला, "तू कुठे मोठा आहेस?"

तेव्हापासून आबा रोज येतात. त्यांना बोलवायला तिलेकच वर जातो. ते आशीर्वाद देतात, पण त्याआधी अर्ध्या-अर्ध्या वाटीने एक अख्खा समोवार संपवतात. अशा रीतीने मुलांची झोपेची वेळ पूर्वीपेक्षा बरीच पुढे गेली आहे. बाकी सगळं छान चाललंय. तू काळजी करू नकोस आणि यायची तसदी तर अजिबात घेऊ नकोस.

तुझा,
एसेनकुल

ता. क. : तुझा तो जुना, कापूस भरलेला निळा चपान पाठवशील का? काल झोपेत तिलेकने "अपा" म्हणून माझी बाही ओढली, हुंगली आणि सोडून दिली. मला फार वाईट वाटलं. चपानाला धुराचा आणि दुधाचा वास आहे, तो धुऊ नकोस.

आणखी ता. क. : चपान गाडीवाल्याबरोबर पाठवू नकोस, हरवेल. अंगात घालून ये.

शेवटचं ता. क. : मी बोलावलं असं समजू नकोस, तिलेक बोलावतोय. (तिलेक मघाशीच झोपला. जागा मी आहे.) चहा मीच ओतत जाईन अपा, आणि तू राहशील तितके दिवस तुझी वाटी अर्धीच भरीन.