दुसरीच्या बुट्टीवरचं गिऱ्हाईक

आये, तू बरी सुटलीस. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी बोलते, नात लिहिते. माझ्या 'हाय'चं 'आहे' करत बसली आहे. करू दे, शिकलीय बिचारी. तर, आपल्या मंडईसमोर मॉल झालाय. आत वांगी गार कपाटात मांडलेली, ते एक वेळ सोडून दे. पण दारात कर्णा लावलाय, आणि आमच्यापुढं पिशवी उघडून बसलेल्या गिऱ्हाईक बायकांना त्यातनं हाका मारतात, "या ताई, आज कांदा स्वस्त!"

मी दहा-अकरा वर्षांची असेन. शेजारच्या काकूच्या बुट्टीपाशी एक बाई वाकलेली, आणि मी ओरडते, "अवो मावशी, हिकडं बघा की, कवळी हाईत!" ती आली, वांगी घेऊन गेली. मला वाटलं, तू शाबासकी देशील. तू म्हणालीस, "दुसरीच्या बुट्टीवरचं गिऱ्हाईक हाक मारून न्यायचं न्हाय. तिथनं आपणहून उठंल, मगच तुझं." आणि संध्याकाळी काकूची उरलेली बुट्टी माझ्या डोक्यावर दिलीस, तिच्या घरापर्यंत. आठ दिवस मान दुखत होती.

परवा आम्ही बाजारातल्या बायका त्या कर्ण्याची तक्रार घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत गेलतो. अर्जावर मी अंगठा उठवला. साहेब चांगला, चहाचंही विचारलं. म्हणाला, "आज्जी, त्यांनी नियम कुठला मोडला?" मी तुझा सांगितला. "हे कुठं लिहिलंय?" आता काय करायचं या माणसाचं! "लिहून ठिवाय लागतंय व्हय, साहेब? आई सांगून गेली की!" सगळे हसले. तागडीला शिक्का पाहिजे, बसायला पावती पाहिजे, एवढं मात्र त्यांच्याकडं लिहिलेलं आहे.

काल दुपारपर्यंत माझ्याकडं कुणी फिरकलं नाही. शेजारी आता काकूची सून बसते. तिच्या बुट्टीपाशी एक बाई वाकली, आणि माझ्या तोंडातनं हाक गेली, "या की ताई, हिकडं ताजी हाईत!" बाई उठून आली. सुनेनं वर बघितलंसुद्धा नाही, भाजीवर पाणी मारत राहिली.

संध्याकाळी तिची बुट्टी उरली. उचलायला मी वाकले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे आक्का, तुमच्या गुडघ्याला झेपायचं न्हाय." स्वतःच डोक्यावर घेऊन गेली.

नात विचारते, पत्ता काय घालू? घालू नको म्हटलं. आज सकाळी त्या कर्ण्याला मी काकूच्या सुनेदेखत पोटभर शिव्या दिल्या. काल तिची बुट्टी का उचलत होते, ते मात्र तिला सांगितलं नाही.